उन्हाचा त्रास नव्हताच : एका साइट इंजिनिअरचं प्रकरण

वय २६. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी. राहायला नागपुरात मानेवाड्याकडे, नोकरी वर्धा रोडवरच्या एका निवासी प्रकल्पावर, साइट इंजिनिअर म्हणून, दोन वर्षं होऊन गेलेली. पगार २४ हजार, आणि तो वेळेवर यायचा. राजीनाम्याचा मजकूर मोबाइलमध्ये लिहून ठेवलेला, पाठवायचा तेवढा राहिला होता. माझ्याकडे आली ती हे वाक्य घेऊनच : "मॅडम, फील्डच चुकली माझी. मला सिव्हिल नको."

मी स्थापत्यच शिकवते. नोकरीला लागून दोन-चार वर्षं झाली की जुने विद्यार्थी असलं काहीबाही घेऊन येतात, आणि त्यातल्या काहींची टिपणं मी ठेवते. हे प्रकरण तिच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव दिलेलं नाही. लिहावंसं वाटलं ते एवढ्यासाठी की घरातल्या प्रत्येकाकडे तिच्या त्रासाचं कारण तयार होतं, तिच्याकडेही होतं, आणि ती सगळी कारणं चुकीची निघाली.

घरातली मतं

वडील एका सरकारी कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं मत एमपीएससी. "अडतीसपर्यंत वय आहे मॅडम, फॉर्म भरता येते. पोरगी हुशार आहे. दोन वर्षं नीट बसली तं निघून जाते. पण ही ऐकूनच नाही राहिली." खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे हे खरंच, आणि नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये याच हिशोबावर वर्षानुवर्षं बसलेली मुलं काही कमी नाहीत.

आईचं सगळं बोट उन्हाकडे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पोरगी स्लॅबवर उभी. "माणसायच्या मधात दिवसभर उन्हातान्हात. रंग पाहा कसा झाला तिचा." मावशीचं मत केकचं. ही केक सुरेख करते, नातेवाइकांच्या वाढदिवसांना हिचाच केक असतो, मग घरातूनच धंदा काढावा. आणि मिहानमध्ये आयटी कंपनीत लागलेली एक मैत्रीण होती. ती म्हणे डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स कर, एसीत बसून काम.

चौघांचे सल्ले चार दिशांचे, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं : साइट म्हणजे ऊन, धूळ, शिव्या आणि पुरुष, म्हणून तिला ती नको झाली आहे. तिनेही ते मान्य करून टाकलं होतं, कारण दुसरं काही सांगता येत नव्हतं. नेमकं कुठल्या दिवशी, किती वाजता, काय करताना डोकं फिरतं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आधी काय बाजूला काढलं

करिअरचं बोलण्याआधी प्रकृतीचं विचारून घ्यावं लागतं. झोप उडाली आहे, भूक मेली आहे, कशातच मन लागत नाही, जगणंच नकोसं झालं आहे, असं काही असेल तर आधी डॉक्टर. नोकरीचा निर्णय त्यानंतर. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. तिचं तसं नव्हतं. झोप कमी होती, पण लागत होती. रविवारी मैत्रिणींबरोबर फुटाळा तलावावर जाऊन हसून-खिदळून यायची. संध्याकाळ झाली की मात्र पोटात गोळा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या थकव्याला आपल्या वर्गीकरणात जागा दिली. आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : शक्ती संपून जाणं, कामाविषयी मन विटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिल्या दोन तिच्यात होत्या. तिसरी अजिबात नव्हती. "काम तर मी चांगलंच करते, मॅडम," असं तिने जरा चिडूनच सांगितलं. मला धागा तिथे दिसला. स्वतःच्या कामावर जिचा भरवसा आहे, तिची फील्ड चुकली असं पटकन म्हणवत नाही.

नोंदवही

मी तिला राजीनामा महिनाभर थांबवायला सांगितलं आणि एक वही दिली. आवडीनिवडीच्या चाचण्या मी शक्यतो करून घेत नाही. "तुम्हाला लोकांबरोबर काम करायला आवडतं का?" असल्या प्रश्नाला माणूस आपण कसे असावे ते लिहितो, कसे आहोत ते नाही. वहीत रोज रात्री दोनच गोष्टी लिहायच्या होत्या : आज कोणत्या वेळी सारखं घड्याळ पाहिलं, आणि कोणत्या वेळी फोनकडे बघायचंही राहून गेलं. आवडलं-नावडलं हे शब्द बंद.

त्यातल्या दोन नोंदी जशाच्या तशा देते.

"सोमवार. ३ ते ६ बिलिंग. सेंट्रिंगवाल्याच्या बिलातून ऑफिसने ३ टक्के कापले. का, ते मला माहीत नाही. तो मलाच विचारते. ऑफिसला ७ फोन, उचलून नाही राहिले. मी काय त्याचे पैसे बुडवून राहिले का?"

"गुरुवार. स्लॅब. पहाटे ४ ला सुरू, ११ ला संपला. ८ गाड्या. चौथी परत पाठवली, स्लम्प जास्त, ड्रायव्हरने पाणी मारलं होतं. जाम भांडण. नाश्ता राहिला."

स्लम्प म्हणजे ओलं काँक्रीट किती बसतं त्याचं माप, पाणी जास्त झालं की ते वाढतं. उन्हाळ्यात इथे स्लॅब पहाटेच टाकतात, ऊन चढलं की काँक्रीट हातातून जातं. त्या गुरुवारी ती पावणेतीनला उठली होती. आठातली एक परत गेली, म्हणजे सहा घनमीटरच्या सात गाड्या, ४२ घनमीटर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे त्याचे चार नमुने घ्यायचे, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, सात दिवसांसाठीचे वेगळे. हे सगळं तिने उभं राहून भरून घेतलं. परतीच्या गाडीवरून आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लँटच्या माणसाशी अर्धा तास वाजलं, गोणपाट भिजवून घातलं का ते दुपारी पुन्हा चढून पाहिलं. थकव्याच्या हिशोबाने आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस तो. आणि घड्याळ पाहिल्याची नोंद त्या दिवशी नाही.

पुढच्या पानांवरही तेच. ऊन कुठेच नाही. धुळीचा उल्लेख एकदा, तोही चष्म्यावरून. पुरुषांशी भांडणं भरपूर, पण त्यातली बरीच "फोन पाहायचं राहिलं" या रकान्यात! हातात माप असलं की ती कोणाशीही भांडते आणि घरी येऊन शांत जेवते. स्लम्पचा शंकू उचलला, काँक्रीट किती बसलं ते मोजलं, आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर आहे, मग आवाज चढवायला तिला काहीच वाटत नाही.

घड्याळ पाहिल्याच्या नोंदी मात्र दोनच ठिकाणी साचल्या होत्या. पहिलं ठिकाण रनिंग बिलं, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणारी बिलं. लेबर ठेकेदार खाली, मुख्य ऑफिस वर, आणि मधे ही. शनिवारी मजुरांना आठवड्याची उचल द्यायची असते. छत्तीसगडहून आलेली कुटुंबं साइटवरच पत्र्याच्या खोल्यांत राहतात, शनिवारचे पैसे आले नाहीत तर रविवारचा बाजार होत नाही. ठेकेदार त्यांना हिच्याकडे बोट दाखवून मोकळा. जे पैसे आपण अडवलेले नाहीत आणि जे आपल्याला देताही येत नाहीत, त्यासाठी दोन्हीकडे हात जोडत फिरायचं. दुसरं ठिकाण फिनिशिंगचं. प्लास्टरची दुरुस्ती, टाइल्सचे पोकळ आवाज, दारांचे कोपरे. यादी संपत आली की नवी यादी. रोजच्या अहवालात काम "९८ टक्के" महिनाभर.

माणूस स्वतःच्या सोयीचं लिहितो ही शंका मलाही होती. म्हणून तिच्या फोनमधली कॉलची यादी आम्ही वहीशी ताडून पाहिली. घड्याळाच्या नोंदी आणि न उचललेले कॉल एकाच तासांना येत होते.

इथे एका जुन्या अभ्यासाची आठवण येते. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशोबनिसांना विचारलं होतं, की कामात फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामाचा गाभा असा, की समाधान देणाऱ्या गोष्टी आणि वैताग देणाऱ्या गोष्टी एकाच मापाची दोन टोकं नसतात. प्रत्यक्ष काम, त्यातलं यश, जबाबदारी यांनी बरं वाटतं. कंपनीचं धोरण, वरच्यांची तऱ्हा, पगार, कामाची परिस्थिती यांनी वीट येतो. यावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे : यश स्वतःच्या नावावर आणि अपयश साहेबाच्या नावावर मांडायची सवय सगळ्यांनाच. पण या प्रकरणापुरता उपयोग असा, की एकाच नोकरीवर प्रेम आणि तिचा तिटकारा दोन्ही एका वेळी असू शकतात, आणि दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. आपल्याकडे करिअर निवडताना पहिला प्रश्न "आवड कशाची?" हा असतो. माझं मत असं झालं आहे, की वीट कशाचा येतो याचं उत्तर जास्त टिकाऊ असतं. आवड विषयाची असते. वीट कामाच्या घडणीचा येतो, आणि ती घडण विषय बदलला तरी पुन्हा समोर येऊ शकते.

पर्याय चाळले ते असे

केकचा पर्याय वहीनेच निकालात काढला. एका रविवारच्या पानावर होतं : "दोन केकचे पैसे यायचे आहेत. काकूंना कसे मागू?" वाचून तीच हसायला लागली. साइटवर जे नको म्हणून सोडायचं, ते घरच्या ओट्यावर आणि तेही नात्यातल्या माणसांशी करायचं. मावशीला हे पटलं नाही. "माणूस ठेव वसुलीला," म्हणाली. पहिल्या वर्षी घरगुती धंद्यात वसुलीला माणूस कोण ठेवतं?

डेटा अॅनालिटिक्सबद्दल तिच्याकडे मैत्रिणीच्या एसीपलीकडे काही माहिती नव्हती. तरी त्यातून एक कामाची गोष्ट कळली. मी विचारलं, कोणी न सांगता कधी एक्सेल उघडलं आहेस का? उघडलं होतं. साइटवरच्या सगळ्या क्यूबचे सात आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल तिने स्वतःहून एका पत्रकात भरून ठेवले होते, सिमेंटची गोणी कोणत्या कंपनीची, त्या दिवशी तापमान किती, यासकट. सात दिवसांच्या निकालावरून अठ्ठावीसचा अंदाज ती बांधायची आणि चुकला की का चुकला ते शोधायची. साहेबांनी ते पत्रक कधी पाहिलं नव्हतं.

एमपीएससीचा विचार मात्र नीट करावा लागला, कारण वडिलांची काळजी पोकळ नव्हती. सरकारी नोकरीतली निश्चिंती त्यांनी आयुष्यभर अनुभवली होती, त्या निवृत्तिवेतनावरच घर चाललं आहे. पण तयारीची वर्षं तिच्या दुसऱ्या दुखऱ्या जागेवर येत होती : ज्याचा शेवट दिसत नाही असं काम. जाहिरात कधी निघेल, परीक्षा कधी, निकाल कधी, यातलं काही उमेदवाराच्या हातात नसतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर आली, मग तो बदल २०२५ पर्यंत पुढे गेला. एवढ्या अवधीत कितीकांनी अभ्यासाची दिशा दोनदा बदलली. हे सोसणारी माणसं असतात. माझ्या वर्गातली काही आज चांगल्या पदांवर आहेत, आणि त्यांना साइटवरचा एक दिवस सोसला नसता.

पुढचं पाऊल म्हणून तिला एका सरकारी बांधकाम विभागात माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या टेबलाशेजारी दिवसभर बसवलं. परीक्षा पास झाल्यावर काय मिळतं ते अभ्यासिकेत बसून दिसत नाही. टेबलावर मोजमाप पुस्तिका, बिलं, त्रुटींचे शेरे. बाहेर बाकावर ठेकेदार. परत आली ती गप्प. मग म्हणाली, "म्हणजे जे मले फोन नव्हते उचलत, त्यायच्या जागी मी बसणार." तिथला माणूस प्रामाणिक आणि कामसू आहे, हे मी तिला सांगितलं आणि तिलाही ते दिसलं होतं. पण तिच्यापुरता निकाल लागला होता.

प्रयोगशाळेतले दिवस

बांधकाम साहित्याची चाचणी करणारी एक खासगी प्रयोगशाळा हिंगणा रस्त्याकडे आहे. मालक ओळखीचे. तिने उरलेल्या रजा तिथे घालवायच्या असं ठरलं, बिनपगारी, काहीही करायची तयारी ठेवून. मी मुद्दाम मालकांना सांगितलं की चांगलं-चांगलं दाखवू नका, महिनाअखेर दाखवा.

सत्तावीस अंशांच्या आसपास राखलेल्या पाण्याच्या टाकीतून १५० मिलिमीटरचा क्यूब काढायचा, पुसायचा, वजन करायचं, यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये मधोमध बसवायचा, ठरलेल्या गतीने भार वाढवायचा. एम-२५ प्रतीच्या क्यूबला चौरस मिलिमीटरमागे २५ न्यूटन गाठायचे तर ५६२.५ किलोन्यूटन लागतात. आकडा चढत जातो, मग थांबतो, आतून कर्र असा आवाज येतो आणि कडा गळून पडतात. चांगला फुटलेला क्यूब डमरूसारखा दिसतो, मधे बारीक, वर-खाली रुंद. लिहून घ्यायचं, तुकडे ढकलगाडीत, पुढचा क्यूब. अशा किती तरी क्यूबांचा दिवस. तिच्याबरोबर त्याच आठवड्यात आलेला एक पदविकाधारक मुलगा तिसऱ्या दिवशी यायचाच बंद झाला. त्याला हे काम मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहण्यासारखं वाटलं असावं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

हिच्या वहीत त्या दिवसांत घड्याळाची नोंद होती, पण ती वेगळ्या गोष्टीसाठी. उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ती बरोबर मोजतात ना या तपासणीच्या, फायली. प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता टिकवायची तर प्रत्येक वजनकाट्याची, प्रत्येक तापमापकाची कागदपत्रं चोख लागतात. ते काम तिला कंटाळवाणं वाटलं. कंटाळा आणि तिटकारा यांत फरक आहे. फायलींचा तास संपला की तो संपायचा. शनिवारची उचल रविवारीही डोक्यात राहायची.

एक प्रसंग तिच्या देखत घडला. एका बिल्डरचा माणूस आला. त्याच्या तीनपैकी एक क्यूब सरासरीपेक्षा फारच खाली गेला होता, पंधरा टक्क्यांच्या मर्यादेच्याही बाहेर. "थोडं अॅडजस्ट करून द्या ना साहेब, आपलं नेहमीचं काम आहे." मालकांनी नाही म्हटलं, तो माणूस चढ्या आवाजात बोलून गेला. मला वाटलं होतं की हा दबाव तिला साइटसारखाच जाचेल. संध्याकाळी तिने लिहिलं : "नाही म्हणायला मजा येईल इथे."

पुढे

नोकरी सोडण्याआधी तिने साइटवरच एकदा विचारून पाहिलं, की बिलिंग दुसऱ्याकडे देऊन गुणवत्तेचं आणि स्लॅबचं काम पूर्ण माझ्याकडे देता येईल का. विचारायलाच हवं होतं. कधी कधी एवढ्याने भागतं. साहेब म्हणाले, "बिलिंग तर सगळ्यांनाच करावं लागते." महिन्याची सूचना देऊन ती बाहेर पडली. प्रयोगशाळेने २० हजारांवर घेतलं, चार हजार कमी. वडिलांशी तोडगा असा निघाला, की कनिष्ठ अभियंता पदाच्या जाहिराती आल्या तर ती फॉर्म भरेल, परीक्षाही देईल, पण त्यासाठी नोकरी सोडून घरी बसणार नाही. दोन्ही बाजूंनी कुरकुर करत का होईना, हे पाळलं जातं.

हा निर्णय तिला घेता आला त्यामागे घराची परिस्थिती आहे, हे नोंदवून ठेवते. डोक्यावर शैक्षणिक कर्ज नव्हतं, घर स्वतःचं होतं, वडिलांचं निवृत्तिवेतन होतं. याच सुमाराला माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका मुलाला मी नोकरी सोडू नको म्हणून सांगितलं. त्याचे हप्ते चालू होते आणि धाकट्या बहिणीची फी होती. त्याच्यासाठी क्रम वेगळा : आधी सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक, तोवर सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या कामाची चाचपणी. तो अजून तिथेच आहे, वैतागलेला आहे, आणि वही लिहितो.

तिला आता वर्ष होत आलं. पहाटेच्या स्लॅबची आठवण येते म्हणते, म्हणून मोठ्या कामांवर नमुने घ्यायला जायचं असलं की स्वतःहून नाव देते. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख वापरलेल्या काँक्रीटचं क्युरिंग, म्हणजे ते ओलं ठेवणं, लोक सात दिवसांवरच थांबवतात, दहा दिवस हवं, यावरून साइटच्या पोरांना झापून येते. फायली मागे पडतात, त्यावरून मालकांची बोलणी खाते. आईच्या मते धूळ तिथेही आहेच.

मागच्या महिन्यात मालकांनी नवी जबाबदारी पुढे केली : बाहेरच्या साइट, ग्राहकांशी बोलणं आणि थकलेल्या बिलांचा पाठपुरावा, पगारात आठ हजारांची वाढ. तिने एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, साइट आणि ग्राहक चालतील, वसुली नको. मालकांनी वाढ पाच हजारांवर आणली. तिने घेतली. तीन हजार सोडल्याचं वडिलांना अजून सांगितलेलं नाही.